मृणालिनीची तेवीस माणसं

सुनंदाबाईंच्या कमरेला अडीच वर्षं तलवार होती आणि ती एकदाही म्यानातून बाहेर आली नव्हती. तलवार काही साधीसुधी नव्हती. दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी, मुठीला पितळी वाघाचं तोंड असलेली. आता ही तलवार खेळातली, हे सांगायला हवं. एरवी धुळ्यातल्या देवपूरच्या त्या तीन खोल्यांच्या घरात सुनंदाबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, आणि तो दिवसातून चाळीस वेळा बाहेर यायचा.

खेळ आणला होता भटूने. भटू म्हणजे त्यांचा धाकटा दीर. जळगावला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि शनिवारच्या एस.टी.ने पारोळ्यावरून धुळ्याला यायचा, धुण्याची पिशवी घेऊन. एकोणनव्वदच्या दिवाळीत त्या पिशवीतून कपड्यांबरोबर झेरॉक्सचा एक गठ्ठा निघाला. वसतिगृहातल्या कुणाच्या तरी मामेभावाने परदेशातून पुस्तक आणलं होतं, त्याच्या या पुसट प्रती.

"वहिनी, ह्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत," भटू म्हणाला होता. "मी गोष्ट सांगतो. जंगल आहे, किल्ला आहे, राक्षस आहे. तुम्ही प्रत्येकाने गोष्टीतलं एकेक माणूस घ्यायचं आणि ते काय करतं ते सांगायचं."

"आणि जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग बरं आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुझ्या भावाला हरलेलं चालत नाही."

वार लागला की चुकला हे ठरवायला त्या पुस्तकात वीस बाजूंचा फासा होता. तो धुळ्यात कुठून मिळणार? महिला मंडळाच्या हौजीच्या संचातले एक ते वीस आकडे सुनंदाबाईंनी बिस्किटाच्या डब्यात घातले. डबा हलवायचा, न बघता आकडा काढायचा. मोठा निघाला की काम फत्ते. या डब्याची त्यांना फार घमेंड होती. परदेशातल्या लोकांनासुद्धा हे सुचलं नाही, असं त्या दोन महिने सांगत होत्या.

खेळायला भटू सोडून चौघं बसायची. भटू गोष्ट सांगणारा. सुनंदाबाईंचे यजमान बन्सीलाल, पाटबंधारे खात्यात होते, त्यांनी शेरसिंग नावाचा गदाधारी घेतला. शेजारच्या लताबाईंनी जादूगारीण घेतली. लताबाईंचं माहेर चोपड्याचं, केळीवाले, त्यामुळे त्या येताना नेहमी एक फणी घेऊन यायच्या. मागच्या गल्लीतले जीवराम नाना, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यांनी एक म्हातारा तिरंदाज घेतला आणि किल्ल्यांचे नकाशे काढायचं काम आपण होऊन अंगावर घेतलं.

सुनंदाबाईंनी सात फूट उंचीची लढवय्यी घेतली आणि तिचं नाव ठेवलं मृणालिनी.

नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "सुनंदाबाई, हे तलवारवालीचं नाव आहे, का गाण्याच्या बाईंचं?"

कॉलेजात असताना सुनंदाबाईंना स्वतःचं नाव मृणालिनी असावं असं फार वाटायचं. राज्यशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तशी सहीसुद्धा करून पाहिली होती. पण हे नानांना कशाला सांगायचं? "असू द्या हो," त्या म्हणाल्या. "शत्रू बेसावध राहील."

त्या पुस्तकात एक प्रकरण होतं बरोबरच्या माणसांचं. शूरवीर काही एकटे हिंडत नाहीत. त्यांच्यासोबत मशालवाला लागतो, ओझ्याचं खेचर हाकणारा लागतो, भालेवाले, स्वयंपाकी लागतात. प्रत्येक शूराने आपली माणसं आपण सांभाळायची. प्रत्येकाच्या निष्ठेला एक आकडा असतो. माणसाला नीट वागवलं तर तो वाढतो, हिडीसफिडीस केली तर घटतो, आणि फार घटला की माणूस ऐन मोक्याला पळून जातो.

पहिल्याच रविवारी शेरसिंग एका अंधाऱ्या भुयाराच्या तोंडाशी उभा राहिला. बन्सीलाल म्हणाले, "मशालवाल्याला पुढे घाल. खड्डाबिड्डा असला तर कळेल."

"थांबा," सुनंदाबाई म्हणाल्या. "नाव काय त्याचं?"

भटूने पानं चाळली. पुस्तकात मशालवाल्याला नाव नव्हतं. "लोटन," तो म्हणाला.

"गाव कोणतं रे तुझं, लोटन?"

झालं. खानदेशातल्या बाईला समोर माणूस दिसला की पहिला प्रश्न हाच येतो, मग तो माणूस झेरॉक्सवरचा का असेना. भटूलाही चेव आला. तो लोटनच्या आवाजात म्हणाला, "कापडणाना शे, अक्का. घर माय शे, दोन बहिनी शेत."

कापडण्याला सुनंदाबाईंची आत्या दिलेली होती. आता आत्याच्या गावच्या, दोन बहिणींच्या एकुलत्या भावाला खड्ड्यात कसं ढकलायचं? त्यांनी बन्सीलालना जमिनीवर काठी आपटत चालायला लावलं. खड्डा होताच. शेरसिंग वाचला, लोटन वाचला, आणि बन्सीलाल वैतागून म्हणाले, "मग ह्याला तूच ठेव तुझ्याकडे."

घरात शिरताना छत्री जशी त्यांच्या हातात द्यायचे, तसाच त्यांनी लोटन दिला. आणि छत्री जशी सुनंदाबाई न बोलता खुंटीला लावायच्या, तसाच त्यांनी तो घेतला.

पुढचं सगळं आपोआप झालं. लताबाईंचे दोन भालेवाले होते, त्यांना ते लक्षात राहायचे नाहीत. "सुनंदाताई, तुमच्याकडे असू द्या ना, तुम्हाला छान जमतं." नानांचा खेचरवाला कौतिक त्याच वाटेने आला. मग स्वयंपाकी तोताराम आला. मग वाटेत एका जळालेल्या गावात भागाबाई नावाची म्हातारी भेटली, तिला घ्यायची काहीच गरज नव्हती. पण तिच्यासोबत बकरी होती, आणि बकरी गाभण होती. सुनंदाबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मी नाही म्हणणारच होते. पण विचारलं कोणी नव्हतंच. त्यांनीच भटूला विचारलं होतं, "बकरीला चारा मिळेल ना रे जवळपास?"

दोन वर्षांत माणसं तेवीस झाली. त्यांच्यासाठी सुनंदाबाईंनी दोनशे पानी वही घातली. कोण कुठला, कोणाला काय चालत नाही, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं त्यात. पुस्तकात नुसतं 'शिधा' असं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी भटूला धारेवर धरलं. शिधा म्हणजे काय? पीठ कशाचं? ज्वारी-उडदाच्या कळण्याचं असेल तर भाकरी जमते कोणाला? ओझेवाल्यांना वरण-बट्टी जड होईल का?

एकदा राक्षस मारल्यावर टोपी-टॉवेल देऊन माणसांचा मान करायचं त्यांनी ठरवलं. जंगलात टोपी-टॉवेल कुठला, असं नानांनी विचारलं, तर खेचरावर आधीच बांधून घेतल्याचं वहीत निघालं. मान आधी कौतिकचा झाला, तोताराम रुसला, आणि तो अख्खा रविवार तोतारामची समजूत घालण्यात गेला. तिकडे बन्सीलाल गदा घेऊन ताटकळत बसले होते.

"वहिनी," भटू एकदा म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय, साधारण दर तीन महिन्यांनी एखाददुसरा पळून जातो. तुमचा एकही पळाला नाही."

त्या रात्रीच्या भाजीत सुनंदाबाईंनी खुशीत दुप्पट शेव टाकली.

आता रीत अशी पडली होती की सकाळी शूर निघायचे तेव्हा मृणालिनी छावणीच्या तोंडाशी उभी असायची. आज शेरसिंगबरोबर मशाल घेऊन लोटन जाईल, नानांबरोबर दोरवाला जाईल, लताबाईंचं गाठोडं अमका घेईल, हे ती ठरवायची. त्यांच्या फडक्यात भाकरी बांधून द्यायची. शूर गुहेत जायचे, पराक्रम करायचे, आणि ती भाजलेल्या बोटांना लावायला झाडपाला वाटत बसायची. सात फूट उंच बाई. कमरेला तलवार.

ब्याण्णवच्या एप्रिलात भटूला बडोद्याला नोकरी लागली. म्हणजे खेळ संपला. मोहिमेतला शेवटचा किल्ला राहिला होता, तो एका रविवारी उरकायचा ठरला. नानांना गहिवर आला, आणि त्यांनी आठवण म्हणून एका ड्रॉइंग पेपरवर सगळ्यांचे पराक्रम सुंदर अक्षरात लिहून आणले. शेरसिंगच्या नावाखाली चौदा ओळी. लताबाईंच्या जादूगारणीखाली अकरा. स्वतःच्या तिरंदाजाखाली नानांनी संकोचून नऊच लिहिल्या होत्या.

मृणालिनीच्या नावाखाली एक शब्द होता. छावणी.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या सुनंदाबाईच. "बघा, नाना किती खरं लिहितात!" मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, परात पुढ्यात ओढली आणि कणीक मळताना त्यांच्या लक्षात आलं, की डोळ्यांना पदर लावावा लागतोय आणि हात तर पिठाचे आहेत.

रडायला काय झालं बाई तुला, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. मूर्खपणाच तो. जगात काहीही होता आलं असतं. राणी होता आलं असतं, चेटकीण होता आलं असतं, उडता आलं असतं. भटूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वहिनी, वाटेल ते व्हा. आणि त्यांनी सात फुटांची लढवय्यी होऊन, तलवार लावून, राक्षसांच्या राज्यात जाऊन, काय केलं? तर तिथेही चूल मांडली. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. बन्सीलालना दोष द्यावा म्हटलं तर त्यांनी नुसता एक लोटन दिला होता. बाकीचे बावीस यांनी स्वतः हात पुढे करून घेतले.

चपात्या लाटून होईपर्यंत त्यांचं ठरलं. शेवटच्या किल्ल्यात मृणालिनी आत जाईल. तलवार काढील. वार लागो न लागो.

पण माणसं? त्यांनी ज्याची त्याला परत द्यायचं ठरवलं. "अहो," त्या बन्सीलालना म्हणाल्या, "तुमचा माणूस येत्या रविवारी तुम्ही सांभाळा."

"माझा कोणता?"

"लोटन."

"तो माझा होता?" बन्सीलाल खरोखरच चकित झाले.

लताबाईंना त्यांच्या भालेवाल्यांची नावं आठवेनात. एक कोणीतरी टक्कल असलेला होता ना, म्हणाल्या. नाना म्हणाले, "सुनंदाबाई, ते आता तुमचंच ऐकतात. मी काही सांगायला गेलो तर माझाच अपमान व्हायचा."

शेवटी छावणी कौतिकवर सोपवायची ठरली. सुनंदाबाईंनी त्याच्यासाठी सूचना लिहायला घेतल्या. एक पान होईल वाटलं होतं, चार झाली. भागाबाईला दुपारी ताक. तोतारामला पाणी आधी विचारावे. बकरीची दोन्ही करडे निराळी बांधावीत. चौथं पान संपल्यावर त्या स्वतःवरच खूश झाल्या. असं चोख काम कोणत्याही सेनापतीने केलं नसेल.

रविवारी जेवणं उरकून दोनला खेळ बसला. मृणालिनी शेरसिंगच्या मागे किल्ल्याच्या भुयारात शिरली. लताबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "आल्या बाई, आल्या!"

"वीस पावलं झाली," भटू म्हणाला. "पुढे मिट्ट काळोख. काहीच दिसत नाही. मशाल कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं.

सुनंदाबाईंनी आपल्या सूचना भराभर आठवून पाहिल्या. चार पानं सूचना लिहिल्या होत्या, त्यात बकरीची करडं होती, पण आत कोणी जायचं याचं एक अक्षर नव्हतं. मशालवाला नाही, दोरवाला नाही, ओझेवाला नाही. तेवीसही माणसं त्यांनी छावणीत बसवून ठेवली होती. आणि अडीच वर्षांत तिघांपैकी एकाही शूराला, मशालवाला शेजारी कुठून येऊन उभा राहतो, हा प्रश्न पडलेला नव्हता.

"म्हणजे आपण रिकाम्या हातांनी आलोय?" नाना म्हणाले.

तेवढ्यात भटूने डबा हलवला. "वहिनी, छावणीसाठी एक आकडा काढावा लागेल. तुम्ही पहिल्यांदाच तिथे नाही आहात."

त्यांनी काढला. दोन.

भटूने हात तोंडाशी धरून लांबून आल्यासारखी हाक मारली, "अक्का! ओ अक्का! तोताराम रुसना! कोनलेच वाढत नही! बठ्ठा भांडी राहिनात!" म्हणजे छावणीत सगळेच भांडायला लागले होते.

"जा बरं पटकन," बन्सीलाल म्हणाले. "त्याला समजाव आणि येताना लोटनला घेऊन ये. आम्ही थांबतो इथे."

किती साधी गोष्ट होती. वीस पावलं मागे. सुनंदाबाईंचा हात वहीकडे गेलासुद्धा. तोतारामला कसं वळवायचं हे त्यांना पाठ होतं. त्याच्या हातच्या पातोड्यांचं नाव काढायचं, की तो विरघळतो. पण त्या स्वतःला ओळखून होत्या. तोताराम विरघळला की भागाबाईचं ताक राहिलेलं असणार. ताक झालं की करडं सुटलेली असणार. मग पाच वाजतील, भटूची पिशवी भरायची असेल, आणि शेरसिंगच्या नावाखाली पंधरावी ओळ लिहिली जाईल.

"कोणाला लागलंय का रे?" त्यांनी विचारलं. "रक्तबिक्त?"

"नाही. नुसता रुसलाय."

सुनंदाबाईंनी वही मिटली. बाजूला ठेवली. मग पुन्हा उचलून, दिसणार नाही अशी पाठीमागे ठेवली.

"रुसू दे," त्या म्हणाल्या.

लताबाईंनी सोलायला घेतलेलं केळ तसंच राहिलं.

"माणसं जातील हं, वहिनी," भटू म्हणाला. "निष्ठा उतरतेय."

"नियमाने जेवढी जातात तेवढी जाऊ देत. तू माझी भीड धरू नकोस." मग त्या बन्सीलालकडे वळल्या. "माझ्या कमरेच्या पिशवीत मशाल आहे. काडेपेटी आहे. मी काय काडेपेटीशिवाय घरातून निघते होय? अहो, ही मशाल तुम्ही धरा."

"मी?" बन्सीलाल म्हणाले. "मी शेरसिंग आहे! माझ्या दोन्ही हातांत गदा असते."

"ती पाठीला बांधा."

"लताबाईंना दे ना."

"मी मंत्र म्हणताना हात हलवावे लागतात, भाऊजी," लताबाई घाईघाईने म्हणाल्या. नानांनी धनुष्य दाखवलं, म्हणजे नुसते दोन्ही हात वर केले. बन्सीलालनी मशाल घेतली. ती कशी धरायची, उजेड कुणावर पाडायचा, ठिणगी दाढीवर पडली तर काय, हे त्यांनी भटूला तीन वेळा विचारलं. अडीच वर्षं लोटन हे काम एक शब्द न बोलता करत होता, असं नाना पुटपुटले.

भुयाराच्या शेवटी दगडी पहारेकरी होता. दरवाजाएवढा उंच. शेरसिंगच्या हातात मशाल, तेव्हा पुढे कोण जाणार? मृणालिनी.

"वहिनी, बारा किंवा वर हवेत."

सुनंदाबाईंनी डबा असा हलवला की झाकण उडालं. आकडा काढला. तीन. भटू म्हणाला, तलवार भिंतीवर आपटली आणि ठिणग्या उडाल्या. पहारेकऱ्याने मृणालिनीच्या खांद्यावर असा तडाखा दिला की तिचं निम्मं बळ गेलं.

दुसऱ्यांदा सहा. "तुमची तलवार दगडात अडकलीय," भटू म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. अडीच वर्षांत न उपसलेली ती, गंजली असणार.

"मागे हो, मागे हो," बन्सीलाल उठूनच उभे राहिले. "मशाल धर, मी बघतो त्याच्याकडे. आता एक तडाखा बसला तर मरशील तू!"

"मरू द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "उजेड हलवू नका."

मृणालिनीने केस मागे सारले, तलवार दगडातून ओढली. हे सुनंदाबाईंनी नुसतं सांगितलं नाही, बसल्याजागी हातांनी ओढूनही दाखवली आणि पाणी प्यायचा तांब्या कलंडला. मग डबा हलवला. आकडा काढून मुठीतच ठेवला. बघायचा धीर होईना. लताबाईंनी त्यांची बोटं एकेक करून उघडली.

सोळा.

पहारेकरी काही त्या एका घावाने पडला नाही. नानांचे दोन बाण लागले, लताबाईंची वीज लागली, मग मृणालिनीचा आणखी एक वार चुकला आणि एक लागला, आणि मग तो कोसळला. त्या ढिगाऱ्यापलीकडे काय होतं ते भटूने फार रंगवून सांगितलं, पण सुनंदाबाईंनी त्यातलं निम्मं ऐकलं नाही. त्या उजव्या हाताचं मनगट चोळत होत्या. खरंच दुखत होतं.

परत येताना त्यांचा चेहरा पडला. भटूने प्रत्येकासाठी एकेक आकडा काढला, भीड धरली नाही. तेवीसांतली सात माणसं निघून गेली होती. लताबाईंचे दोन्ही भालेवाले गेले. तोताराम तर पळीसकट गेला. सुनंदाबाईंनी वही पुढे ओढून सात नावांवर पेन्सिलीने रेघ मारली. तोतारामच्या नावाशी पेन्सिल जरा थांबली. पुढे आठवडाभर त्यांना मधूनच त्याची आठवण यायची, आणि न जन्मलेल्या स्वयंपाक्यासाठी हळहळणारी बाई आपणच, हे ध्यानात येऊन त्या स्वतःशीच हसायच्या. बाकीची सोळा माणसं मात्र बसलेली होती. भागाबाईने ताक स्वतःच घुसळून घेतलं होतं. करडं सुटली होती आणि कुठेही गेली नव्हती.

"आता शेवटचं," भटू म्हणाला. साडेचार वाजत आले होते. "संध्याकाळ झालीय. सगळे चुलीभोवती आहेत. मृणालिनी काय करते?"

तिघंही उत्तर माहीत असल्यासारखी थांबली. बन्सीलाल तर आळसही देऊ लागले.

"बसते," सुनंदाबाई म्हणाल्या.

"बसते?"

"पाय पसरून बसते. कौतिकला म्हणावं, वाढ."

भटूने कौतिकच्या आवाजात घसा खाकरला. "अक्का, खिचडी कयी शे मी. पन जराशी खारी व्हयनी."

सुनंदाबाईंच्या ओठांवर 'दोन बटाटे चिरून टाक त्यात' हे शब्द येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले. सोपं नव्हतं, लताबाईंना त्यांचा गळा हललेला दिसला.

"कशी झालीय, अक्का?" भटूने विचारलं.

"खारट आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणखी थोडी वाढ."